पोट तिचं, बैठक आमची

माणसांच्या डॉक्टरांनी मला कधी डॉक्टर मानलं नाही, आणि शिरूर तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी मला डॉक्टरशिवाय दुसरी हाक मारली नाही. कागदावर मी पशुधन पर्यवेक्षक. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात तेहतीस वर्षं काढली. निवृत्त झालो तरी फोन थांबले नाहीत. कुणाची गाय अडली की अजूनही आधी मलाच बोलावतात. वासरू आत आडवं आलेलं असतं, मान मुडपलेली असते, नाहीतर एक पाय मागे राहिलेला असतो. खांद्यापर्यंत हात घालून चाचपायचं, आणि सरळ होत नाही असं दिसलं की मालकाकडे वळून विचारायचं, "गाय की वासरू?"

या प्रश्नाला मी आजवर एकच उत्तर ऐकलंय. "गाय वाचवा डॉक्टर, वासरू काय, फुडल्या वेताला व्हईल." वासरू मेलेलं असेल तर आतल्या आत कापून काढतो. जिवंत असेल तरी गाईकडे बघूनच हात चालवतो. मालकाला यात काही वावगं वाटत नाही, मलाही वाटत नाही. काम झालं की हात धुवायला गरम पाणी येतं, मागोमाग चहा येतो.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे बोललो ते याच सवयीतून बोललो आणि चांगलाच तोंडावर आपटलो.

माझी एकुलती एक मुलगी दौंड तालुक्यात, भांडगावात दिलेली आहे. केमिस्ट्रीची पदवीधर. कुरकुंभला औषधांच्या एका कंपनीत, गोळ्यांची तपासणी होते त्या लॅबमध्ये कामाला आहे. जावई तिथल्याच दुसऱ्या कंपनीत शिफ्टला जातात, स्वभावाने गरीब, वडिलांपुढे तर फारच गरीब. व्याही सोसायटीचे माजी चेअरमन. चेअरमनपद गेलं पण ठराव मांडायची सवय गेली नाही. चारा कापायची नवी कडबाकुट्टी आणायची असली तरी आधी चार माणसं बोलावून बैठक घेणार. विहीणबाई देवभोळ्या, बोलायला गोड. लग्नानंतर चार वर्षांनी पोरीला दिवस गेले तेव्हा त्यांनी सगळ्या भावकीत पेढे वाटले.

पाचव्या महिन्याची सोनोग्राफी झाली आणि तिथं सगळं अडलं. पडद्याकडे बघणारा डॉक्टर आधी बोलत होता, मग बोलायचा थांबला. मी बाहेर बाकावर होतो. तेहतीस वर्षं मीही असाच बोलता बोलता थांबलेलो आहे, त्यामुळे ते थांबणं मला दाराबाहेरूनही कळलं. बाळाच्या पाठीचा कणा खालच्या बाजूला मिटलेला नव्हता. तिथं फट राहिली होती आणि आतल्या शिरा उघड्या पडल्या होत्या. डोक्यातही पाणी थोडं जास्त दिसत होतं.

शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथल्या डॉक्टरबाई माझ्या मुलीपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. तीन रस्ते आहेत म्हणाल्या. एक, कायद्याने अजून मुदत आहे, गर्भ थांबवता येईल. दोन, बाळ जन्मू द्यायचं आणि मग त्याच्या पाठीचं ऑपरेशन करायचं. तीन, आत्ताच, बाळ पोटात असतानाच आईचं पोट आणि गर्भाशय उघडायचं, बाळाची पाठ शिवायची, पुन्हा सगळं बंद करायचं आणि बाळाला उरलेले महिने आतच वाढू द्यायचं. तिसरा रस्ता धरला तर डोक्यातलं पाणी वाढण्याचा आणि पुढे डोक्यात नळी बसवावी लागण्याचा धोका कमी होतो. पायांत बळ राहण्याची शक्यताही वाढते. पण पूर्ण बरं होईल असं नाही. लघवीवर ताबा येईल की नाही हे तर सांगताच येत नाही.

"आणि आईला?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे न बघता मुलीकडे बघून उत्तर दिलं. "तुझ्या तब्येतीला यातून फायदा काहीच नाही, हे आधी समजून घे. तुला कसलाही आजार नाही. तरी चिरा तुझ्या पोटाला. रक्तस्राव होऊ शकतो, पाणी लवकर जाऊ शकतं, बाळ फार लवकर येऊ शकतं. पुढचं प्रत्येक बाळंतपण सिझेरियननेच, आणि गर्भाशयावरचा वण कायमचा नाजूक."

ठरवायला दोन-तीन आठवडे होते. आमच्याकडे दोन-तीन आठवडे म्हणजे बैठकीला भरपूर वेळ.

भांडगावला व्याह्यांच्या ओसरीत बैठक बसली. व्याही, विहीणबाई, जावई, जावयाचे मामा, मी आणि माझी बायको. जिच्या पोटाचा प्रश्न होता तिला आतल्या खोलीत निजायला लावलं होतं, "तिला तरास नको" म्हणून. दार मात्र उघडंच होतं, म्हणजे त्रास सगळा ऐकू जावा अशी सोय होती.

पहिला पाऊण तास कशात गेला हे सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. त्यामुळे बाळंतपणात काय करायचं, काय नाही, याला माहेरचा शब्द चालतो. आजारपण आलं तर मात्र ते सासरचं. तिथं माहेरच्यांनी नाक खुपसायचं नाही. मग हे ऑपरेशन नेमकं कशात धरायचं?

"बाळातपण म्हंजी बाळ भाईर आलं पायजे," मामा म्हणाले. "हितं बाळ आतच ऱ्हानार. मंग ह्ये आजारपनच झालं की."

"आजारी कोण हाय पर?" व्याही म्हणाले. "सूनबाई तर ठणठणीत हाय. आजारी हाय ते बाळ. आन् बाळ आमच्या घरचं. म्हंजी इशय आमचाच झाला."

"पोट माझ्या पोरीचं आहे," मी म्हणालो.

"पोरगी आमच्या घरात दिलीया न्हवं तुमी?" मामांनी मला आठवण करून दिली.

 तेवढ्यात मामांना आणखी एक गोष्ट सुचली. "एवढं पोट उघडून आत बघनार म्हणल्यावर पोरगा हाय का पोरगी ते डॉक्टरला दिसनारच की. तेवढं आदी कळलं असतं, तर ठरवायला सोपं गेलं असतं."

आता इतकी वर्षं प्रत्येक सोनोग्राफीच्या दारावर पाटी लावलेली आहे, आणि हा माणूस ग्रामपंचायतीत बसून स्त्रीभ्रूणहत्येवर भाषणं ठोकून आलेला आहे. मी म्हणालो, "मामा, पोरगी असली तर पाठ उघडी ठेवायची का?" त्यावर ते म्हणाले, "तसं न्हवं हो, बोलायची पद्धत हाय." ही बोलायची पद्धत कुठली, ते मला आजतागायत समजलेलं नाही.

शेवटी व्याह्यांनी ठराव मांडल्यासारखं सांगून टाकलं, "चार वर्सांनी घरात पाळणा हलनार हाय. बाळासाठी जे काय करता येईल ते समदं करायचं. आप्रेशन करायचं, ठरलं." जावई मान खाली घालून बसले होते. विहीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आई हाय ती. लेकरासाठी एवढं करनार न्हाई व्हय?"

मी उठून उभा राहिलो. "चेअरमन, गेल्या उन्हाळ्यात तुमची गाय अडली, तुम्ही मला चाळीस किलोमीटरवरून बोलावलंत. मी विचारलं, गाय की वासरू. तुम्ही काय सांगितलंत? क्षणभर तरी विचार केलात का? गाय वाचवा म्हणालात. तुमच्या गोठ्यातल्या गाईला जेवढा मान आहे तेवढा तरी माझ्या पोरीला द्या! धडधाकट बाईला टेबलावर चिरायला निघालात, आणि तिला काही झालं तर काय, हे एका माणसाने तोंडातून काढलं नाही!"

 बरोब्बर बोललो, असं मला वाटलं. माणूस मुद्द्याचं बोलला की छाती जरा पुढे येते. तशी माझी आली असणार.

मुलगी आतून दारात आली. एक हात पोटावर, एक चौकटीवर.

"आप्पा, गाय का वासरू म्हणून तुम्ही इचारता, ते कुणाला?"

"मालकाला," मी म्हणालो.

"गाईला न्हाई ना इचारत?"

मी खाली बसलो.

"मंग हितं मालक कोण कोण बसल्यात ते तुम्ही सगळे मिळून एकदा ठरवा. झालं की मला सांगा. मी पडते तवर."

आणि ती आत गेली. या वेळी तिनं दार लावून घेतलं.

परत निघालो, चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो. पारगावचा पूल ओलांडला तेव्हा बायको म्हणाली, "गोठ्यातनं घरात येताना हात धुता, तशी जीभ बी धुवत जावा." मी तिच्यावर खेकसलो. मी पोरीच्याच बाजूने बोलत होतो ना? मग सगळ्यांनी मलाच का धरावं? पुढे उसाच्या दोन ट्रॉल्यांमागे पाऊण तास अडकलो आणि त्या ट्रॅक्टरवाल्यालाही मी मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या.

इथपर्यंत झालं ते एक वेळ ठीक. पुढे जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरबाईंना फोन लावला. आपण दोघं एकाच धंद्यातले, असा सूर लावला. म्हणालो, "तुम्ही तिला ऑपरेशनचे धोके जरा वाढवून सांगा. ती घाबरली की नको म्हणेल. मुलगी हातची घालवायची नाही मला."

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "काका, काल तिच्या सासऱ्यांचाही फोन होता. ते म्हणत होते, धोके कमी करून सांगा. तुम्ही दोघांनी एकदा आपसात बोलून घ्या. मी तिला जेवढे आहेत तेवढे सांगितलेत."

फोन ठेवला आणि मी अंगणात येरझाऱ्या घालत बसलो. राग व्याह्यांचा नव्हता. आम्ही दोघं एका माळेचे मणी निघालो याचा होता.

आमचा हा तमाशा चालू होता तेव्हा मुलगी काय करत होती, ते मला नंतर कळलं. भांडगावात पिठाची गिरणी चालवणारा एक माणूस आहे, जन्मापासून पायांनी अधू, तीनचाकी गाडीवर फिरतो. तीन किलो ज्वारीचा डबा घेऊन ही त्याच्याकडे गेली. आम्ही सगळे बाळ चालेल का, यावरच घोळत होतो. हिने त्याला चालण्याचं काहीच विचारलं नाही. "शाळेत लघवीला कसं जायचा?" एवढंच विचारलं. तो आधी संकोचला, मग म्हणाला की तेवढ्यासाठीच सातवीत शाळा सोडली. पायांचं त्याला काही वाटत नव्हतं, पोरं पाठीवर बसवून न्यायची. पण कपड्यांना लघवीचा वास यायचा म्हणून बाकावर शेजारी कुणी बसेना. ती तिथं दळण होऊन गेल्यावरही बराच वेळ बसली होती म्हणे. मग फोनवर डॉक्टरबाईंना याच गोष्टीबद्दल पंधरा-वीस प्रश्न विचारले.

ही मुलगी रोज गोळ्या तपासते. शंभरातली एक जरी वजनाला कमी भरली तरी सगळा माल अडवून धरते. तिला कुणी काही शिकवायला नको होतं, फक्त जागा द्यायला हवी होती. तेवढं आमच्यापैकी एकाला जमलं नाही.

आठ दिवसांनी तिचा मला फोन आला. "आप्पा, मी ठरवलंय. आप्रेशन करनार. डोक्यात नळी बसवायची येळ कमी येते, ते मला पटलंय. पायाचं फुडचं फुडं. लघवीचं कसंबी झालं तरी मी शिकून घेईन. तुम्ही येणार का न्हाई ते सांगा, पर बोलायचं न्हाई."

मी चिडून फोन बायकोच्या हातात दिला. तिनं निर्णय घेतला याचा आनंद होण्याऐवजी तिनं माझ्या विरुद्ध निर्णय घेतला याचाच मला संताप आला. मला वाटत होतं की तिला विचारायला हवं; खरं तर मला वाटत होतं की तिला विचारावं आणि तिनं माझं उत्तर द्यावं. दोन दिवस मी धड जेवलो नाही. एका गाईला इंजेक्शन देताना सुई हातातून पडली, तर मालक म्हणाला, "डॉक्टर, वय झालं आता." त्याच्यावरही डाफरलो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी डॉक्टरबाईंच्या खोलीत आम्ही जमलो. मुलगी, जावई, विहीणबाई आणि मी. व्याही बाहेर फोनवर होते. डॉक्टरबाईंनी तिला विचारलं, "हे सगळे बाहेर थांबले तर तुला बरं वाटेल का?" ती म्हणाली, "बसू द्या. ऐकू द्या त्यांना."

भूल कशी देणार, बाळाला दुखू नये म्हणून त्यालाही वेगळं इंजेक्शन कसं देणार, हे सगळं त्यांनी सांगितलं. मग पेन खाली ठेवलं. "आता शेवटचं. ऑपरेशन चालू असताना तुझ्या जिवाला धोका दिसला, तर आम्ही बाळाचं काम जिथल्या तिथं सोडून आधी तुझ्याकडे बघणार. हा आमचा नियमच आहे, त्यासाठी तुला काही निवडावं लागणार नाही. पण तुझ्या मनात काय आहे ते मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. बऱ्याच जणी म्हणतात, माझं काही होऊ द्या, बाळ वाचवा."

विहीणबाई पुटपुटल्या, "आई हाय ती. दुसरं काय म्हननार?"

मुलगी म्हणाली, "मला वाचवा."

 तिनं परत सांगितलं, जरा मोठ्याने, जावयांना ऐकू जाईल असं. "आदी मला. बाळासाठीच आलीया मी हितवर, तिच्यासाठी नायतर त्याच्यासाठी पोट कापून घेतीया. पर मरायला न्हाई आले. मला जगायचंय."

आता प्रामाणिकपणे लिहायचं तर हे लिहिलंच पाहिजे. ज्या वाक्यासाठी मी भर ओसरीत उभा राहून भांडलो होतो तेच वाक्य माझ्या मुलीनं उच्चारलं, आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? असं बोलतात का, हे आलं. चारचौघांत, सासूसमोर, आईने असं बोलावं का? क्षणभरच आलं, पण आलं. मी म्हणायला हवं ते ठीक, व्याह्याने गाईबद्दल म्हणणं ठीक, पण तिनं स्वतःबद्दल म्हटल्यावर मला शरम वाटली. नंतर मला त्या शरमेची शरम वाटली, पण त्याला काही अर्थ नव्हता. विहीणबाई पदराने तोंड झाकून बाहेर गेल्या. जावयांनी तिचा हात धरला. त्या सबंध प्रकरणात त्या माणसानं स्वतःच्या मनाने केलेली ती पहिली गोष्ट असावी.

डॉक्टरबाईंनी कागद पुढे सरकवला. तिनं सही केली, खाली तारीख घातली.

ऑपरेशन चार तास चाललं. माझ्यासारख्या माणसाला आत काय चाललंय हे थोडंफार कळतं, हीच मोठी शिक्षा होती. कुठला पडदा, कुठली नाळ, कुठली शीर, सगळं डोळ्यांपुढे येत होतं, आणि माझे हात मांडीवर रिकामे. व्याही शेजारी बसून होते. तीन वेळा त्यांनी मला पाणी आणून दिलं. तेवढ्या चार तासांत आमच्यात कुठलाही वाद झाला नाही. बाहेर येऊन डॉक्टरबाई आधी म्हणाल्या, "आई चांगली आहे," आणि मग म्हणाल्या, "बाळाचीही पाठ शिवली." व्याह्यांनी हात जोडले.

पुढची विश्रांती माहेरी की सासरी, हा प्रश्न मामांनी फोनवर काढलाच. मुलीनं तो आम्हाला सोडवूच दिला नाही. हॉस्पिटलजवळ भाड्याने दोन खोल्या बघून ती तिथंच राहिली, माझी बायको तिच्याबरोबर. चौतिसाव्या आठवड्यात सिझेरियन झालं. मुलगी झाली, कोंबडीच्या पिलाएवढी. दोन आठवडे काचेच्या पेटीत होती.

आता नात अडीच वर्षांची आहे. लोक मला विचारतात, "आप्रेशन यशस्वी झालं का?" या प्रश्नाने माझं डोकं फिरतं. डोक्यात नळी बसवावी लागलेली नाही, अजून तरी. पायांना प्लास्टिकचे पट्टे लावून भिंतीला धरून चालते, पडते, उठते, पुन्हा पडते. लघवीसाठी दिवसातून चार-पाच वेळा बारीक नळी घालावी लागते. ते काम मुलगी करते, जावई करतात, आणि माझ्याकडे असली की मी करतो. निदान तेवढ्यापुरते माझे हात उपयोगाला येतात. याला यशस्वी म्हणायचं की नाही ते विचारणाऱ्याने आपलं आपण ठरवावं. पोटात असतानाच ऑपरेशन केलं नसतं तर कशी असती, हे कुणालाच सांगता येणार नाही, डॉक्टरबाईंनाही नाही. त्या तसं स्पष्ट म्हणतात, म्हणून मला त्या पटतात.

भांडगावात मात्र ऑपरेशनपेक्षा ते एक वाक्यच जास्त गाजलं. कुणी नेलं ते वेगळं सांगायला नको. मुलगी हळदीकुंकवाला गेली की बायका हिच्याकडे बघून एकमेकींच्या कानाला लागतात. पोटाला चिरा घेतलेली कुणाला दिसत नाही, नोकरी सांभाळून रोज पोरीला व्यायाम करवते ते दिसत नाही. "आदी मला म्हनाली" एवढंच दिसतं. त्यातली एकही बाई आपला जीव द्यायला निघालेली मी पाहिलेली नाही.

मागच्या महिन्यात विहीणबाई नातीला भेटायला आमच्याकडे आल्या होत्या. मुलगी ओटीवर बसून नातीच्या पायाचे पट्टे आवळत होती. विहीणबाई हळूच म्हणाल्या, "आता हिला कळायला लागंल. ती गोष्ट हिच्या कानावर जाऊ देऊ नका कुनी. लेकराचं मन हाय. आईनं आपल्याआदी सोताला धरलं म्हणल्यावर काय वाटंल तिला?"

आणि मी, इतकं सगळं होऊनही मी, मान डोलावली. म्हणालो, "बरोबर आहे. काय गरज आहे सांगायची? ज्याला त्याला मी बजावून ठेवतो."

मुलीनं मान वर न करता दुसरा पट्टा आवळला.

"कुणाला काय बजावू नका आप्पा. मीच सांगनार हाय तिला. जरा मोठी झाली की."

"काय सांगणार?"

"हेच. तुझ्यासाठी पोट कापून घेतलं, पर मरायला तयार न्हवते." मग तिनं पोरीला उभं केलं आणि तिचा हात भिंतीवर टेकवला. "उद्या तिला बी कुणीतरी इचारंल. तवा आसं म्हणता येतं, हे तिला आदीच ठाऊक पायजे."

 तिचं बरोबर होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचाही राग आला.